पिवळी राख

त्या हिवाळ्यात थेबेकच्या चर्चची झाडलोट माझ्याकडे होती.
पगार नव्हता.
खाण बंद पडलेली, हातांना काहीतरी हवं होतं,
आणि पाळक नो यांना कुणाला नाही म्हणता येत नसे.

पहाटेची प्रार्थना साडेचारला.
मी चारला कुलूप काढायचो, स्टोव्ह पेटवायचो,
उंबऱ्याआतली फरशी फडक्यानं घासायचो,
दिव्याचा गोळा तिच्यात दिसेपर्यंत.
मग माणसं येत. बूट काढत, रांगेनं लावत,
आणि माझ्या फरशीवर
वीस-पंचवीस जोडांचा पिवळट राडा.

रोज.
बर्फ पांढरं, रात्र काळी,
मग हे पिवळं येतं तरी कुठून?
मी पुटपुटत राही.
पहिलं स्तोत्र संपत आलं की दार करकरायचं:
मालसुन आजी. रोज उशिरा.
तिचे रबरी बूट सगळ्यांत घाण.
मागच्या बाकावर टेकायची,
आणि आमेनच्या आधीच तिचं घोरणं सुरू.
एकदा तर मी देवाला म्हणालोही,
बघतोयस ना?

जानेवारीत एका पहाटे फरशी स्वच्छ राहिली.
मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
मग बूट मोजले.
नऊ जोड.

डीकन ह्वांग औषधाच्या दुकानापाशी आपटले होते, मनगट मोडलं.
चुनने काकू अर्ध्या चढावरून
लहान मुलासारखी चारी हातापायांवर मागे गेली.
चढ म्हणजे नुसती काच झालेली.

आजीकडे गेलो. तापानं फणफणलेली.
दाराशी जळून गेलेल्या कोळशाच्या वड्यांची चळत,
एकेकीला बावीस भोकं,
जळाल्यावर त्या फिकट होतात, भाजलेल्या विटेपेक्षाही फिकट.
मी उगाच तिथे उभा राहिलो.
ती गोधडीतून म्हणाली,
"विझलेली वडी कुठेतरी टाकायचीच असते रे.
मी चढावर टाकते, एवढंच."

एवढंच.
तीन वाजता उठून, गल्लीतल्या घराघरापुढच्या गोळा करून,
टाचेखाली चुरडून,
वरपासून खालपर्यंत सडा घालावा तशी पसरत जायची.
आणि जुंग-बे,
छातीत तीस वर्षांची खाण घेऊन खोकणारा,
चर्चचं नाव काढलं की थुंकणारा,
तोही रात्री दोन वड्या दाराबाहेर ठेवायचा.
का ते मी विचारलं नाही.
त्यानंही सांगितलं नसतं.

दुसऱ्या पहाटे बादली घेऊन मी निघालो.
वडी पायाखाली फुटते तेव्हा
शेंगा सोलल्यासारखा आवाज येतो.
एक आतून अजून कोमट होती,
मी जरा वेळ ती हातात धरून उभा राहिलो,
काम टाळत.

जेवणावरून उठून ज्यानं कमरेला पंचा गुंडाळला,
घंगाळ घेतलं, मित्रांच्या टाचांची धूळ धुतली,
त्याच्याबद्दल मी लहानपणापासून ऐकत आलोय.
त्या खोलीत पुढे फरशी कुणी पुसली,
हे मात्र कधी मनात आलं नव्हतं.

चढ संपायला पाच वाजत आले.
चर्चमध्ये गाणं चालू होतं. कुलूप कुणी काढलं, कोण जाणे.
उंबऱ्याआत बूट: एकोणीस जोड, पिवळे,
आणि फरशीचा सत्यानाश.
मी माझे शेवटी ठेवले. सगळ्यांत घाण तेच होते.

मागचा बाक मोकळा होता.
पाळकांनी कुठला पाठ वाचला ते मला सांगता येणार नाही,
झोप लागली.
चुनने काकूनं कोपरानं ढोसलं तेव्हा उजाडलं होतं,
आणि फरशी अजून तशीच होती.